वाळवंटातला बर्फाचा नांगर

बहारीनला जाऊन आले असं कळलं की महाडमधल्या ओळखीच्या बायका आधी माझ्या मनगटांकडे बघतात. नवी बांगडी दिसली नाही की विचारतात, "मग बाई, तिकडे बघितलंत तरी काय?" मी खरं तेच सांगते. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचा नांगर बघितला, त्याच्या केबिनमध्ये बसले आणि त्यातून एका नवरदेवाला लग्नाला घेऊन आले. एवढं ऐकलं की बायका एकमेकींकडे बघतात. वाळवंटात बर्फ कुठला, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, पण निवृत्त शिक्षिकेला उलटून कोण विचारणार. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

माहूज

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले आणि माझी धाकटी बहीण पुष्पा हिने व्हिजिट व्हिसा पाठवला. पुष्पा सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात काम करते. तिचा नवरा मिलिंद सित्रा नावाच्या भागात अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. दोघंही महाडचीच. त्यांची मुलगी प्रज्ञा तेव्हा तिसरीत. माहूजमधल्या एका चार मजली इमारतीत त्यांचा फ्लॅट आहे.

गल्फ म्हणजे भट्टी, अशी माझी समजूत. म्हणून सगळ्या सुती साड्या घेऊन गेले होते. रमजान ईद नुकतीच झाली होती, थंडी अजून होती, आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकताच असा बोचरा वारा आला की पदर कानांवर ओढून घ्यावा लागला. पुष्पा हसत म्हणाली, "ताई, मी पत्रात लिहिलं होतं ना, स्वेटर आण." लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तिला सवय नाही राहिली म्हणून थंडी वाजत असेल.

पहिले काही दिवस मजेत गेले. सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून मी स्वतः खबूस आणायला लागले. खबूस म्हणजे तिथली रोटी, आपल्या तांदळाच्या भाकरीपेक्षा मोठी आणि वर करपलेले ठिपके असलेली. भट्टीवाला इराणी ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. घरी येईपर्यंत हात शेकून निघत. पुष्पाने त्याच्याबरोबर सुकटीचं कालवण केलं, आणि मी कबूल केलं की भाकरीची आठवण आली नाही. प्रज्ञाशी मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आठवडाभराने ती मला "मावशी, यू आर नॉट लिसनिंग" म्हणाली आणि मी तिला "ऐकतेय गं बाई" म्हणाले, तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की आपलं व्यवस्थित चाललं आहे.

मिलिंद मात्र गप्प गप्प असायचा. जेवताना मान खाली. मी पुष्पाला बाजूला घेऊन विचारलं, काही बिनसलंय का दोघांत.

"आमच्यात नाही गं," ती म्हणाली. "त्याचं आणि एका ट्रकचं बिनसलंय."

मग तिने सगळं सांगितलं. वर्कशॉपचा मालक अबू युसूफ बहारीनचाच माणूस. युरोपातल्या लिलावांतून जुने ट्रक आणायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे हा त्याचा धंदा. या खेपेला ट्रकांचे फोटो आले ते त्याने मिलिंदला दाखवले. एका ट्रकचा फोटो मागच्या बाजूने काढलेला होता. मिलिंद म्हणाला, गाडी दणकट दिसते, घ्या. बोटीतून ट्रक उतरला तेव्हा पुढून दिसलं की त्याच्या तोंडाला भिंतीएवढं वाकडं लोखंडी पातं आहे. वर्कशॉपमध्ये कुणाला कळेना हे काय. शेवटी शाळेतून परत येताना तिथे थांबलेली प्रज्ञा गाडीतूनच म्हणाली, "पप्पा, दॅट इज अ स्नो-प्लाऊ."

तेव्हापासून यार्डातला प्रत्येक माणूस मिलिंदला विचारायचा, "फोरमनसाब, बर्फ कब गिरेगा?"

सित्रा

मला तो ट्रक बघायचाच होता. एका दुपारी मिलिंद मला घेऊन गेला, तोंड वाकडं करूनच.

यार्डाच्या कडेला तो उभा होता. रंग नारिंगी, चाकं माझ्या खांद्यापर्यंत. पुढचं पातं आपल्या नांगराच्या फाळासारखंच वळलेलं, फक्त एवढं मोठं की त्यापुढे बैलांची जोडी मुंगीसारखी दिसावी. पात्याच्या दोन्ही टोकांना लवचीक काठ्या आणि काठ्यांवर फडकी. पाठीमागे मोठी पेटी, तिच्याखाली एक गोल तबकडी. टपावर पिवळा फिरता दिवा.

ट्रकजवळ एक बुटका, गोरा, बारीक डोळ्यांचा माणूस फडक्याने आरसा पुसत होता. हा अंगरूप. हिमाचलच्या लाहौलचा, इथे वेल्डर. सगळ्या यार्डात त्या ट्रकवर प्रेम करणारा हा एकटाच. वीस-बाविशीत तो गावाकडे खिंडीतला बर्फ काढणाऱ्या तुकडीत होता, असं मिलिंदने सांगितलं.

"माताजी, ये देखिये," म्हणत त्याने मला सगळं दाखवलं. टोकाच्या काठ्या कशाला, तर उडणाऱ्या बर्फात पातं कुठे संपतं ते ड्रायव्हरला दिसत नाही, फडकी दिसतात. मागच्या पेटीत मीठ भरायचं. तबकडी फिरली की मीठ रस्त्यावर उडतं आणि उरलेला बर्फ वितळतो. केबिनमध्ये त्याला एक लांब ब्रश आणि प्लॅस्टिकची रुंद पट्टी सापडली होती.

"और ये? गाडीच्या काचेवर बर्फ जमतो ना, तो खरवडायचा," तो अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाला. मराठी त्याला मिलिंदमुळे येऊ लागली होती. "हमारे यहाँ सुबह उठा, तो पहले गाडी ढूँढनी पडती है. मग ब्रशने टप साफ, मग काच, मग सायलेन्सरचं तोंड. उसके बाद चाय."

"आणि रस्ता?"

"रस्ता तो महीनों बंद. मग मशीन येते. आगे आगे मशीन, पीछे पीछे पूरा गाँव. कुणी डॉक्टरकडे, कुणी मायके, कुणी सिर्फ आलू बेचने. मशीन के पीछे पहली गाडी जब निकलती थी, लोग ताली बजाते थे."

मी त्याला आमच्या महाडचं सांगितलं. सावित्रीचा पूर ओसरला की बाजारपेठेत गुडघाभर चिखल उरतो. तेव्हा सगळं गाव फावडी, घमेली घेऊन बाहेर पडतं आणि दुकानांतला, गाड्यांवरचा चिखल काढतं. "म्हणजे आपण दोघंही खरवडणारेच," मी म्हणाले. तो इतका खूश झाला की ती प्लॅस्टिकची पट्टी त्याने मला भेट देऊन टाकली. पुष्पा त्या पट्टीने कणकेचा ओटा खरवडते.

इतक्यात अबू युसूफ आला. पांढराशुभ्र पायघोळ झगा, चेहऱ्यावर मिस्किली आणि वैताग यांचं मिश्रण. त्याने ऑफिसात नेऊन कावा दिला. वेलचीची छोट्या पेल्यातली ती कडू कॉफी. पेला रिकामा झाला की त्याचा माणूस पुन्हा भरी. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून मी पीत राहिले. शेवटी छातीत धडधडायला लागलं तेव्हा मिलिंद मराठीत पुटपुटला, "ताई, पेला जरा हलवा, म्हणजे पुरे असं होतं." मी हलवला. अबू युसूफ गालातल्या गालात हसला.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्हारा मिलिंद अच्छा आदमी. लेकिन मेरे को बर्फ का गाडी दिया. शनिवार को वो लोहा काटेगा, भंगार में देगा. खाली ट्रक बेचेगा. खलास."

परतताना मिलिंदने गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली. एवढ्या वर्षांच्या कामात त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि आता ते पातं कापताना सगळं यार्ड गोळा होऊन बघणार होतं.

झिंज

त्याच आठवड्यात शुक्रवारी लग्न होतं. यार्डातले ट्रेलर चालवणारे हमीदभाई हे रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरातले, मिलिंदचे जुने मित्र. त्यांची मुलगी नसरीन, एका ऑफिसात टायपिस्ट. नवरामुलगा आसिफ, म्हसळ्याचा, बेटाच्या दक्षिण टोकाकडे एका बांधकामावर स्टोअरकीपर. त्याचे आईवडील खास लग्नासाठी आले होते आणि शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

गुरुवारी सकाळपासून मी झिंजला हमीदभाईंच्या घरी सांदणं करायला बसले होते. तांदळाच्या रव्याची ती वाफवलेली पांढरी, जाळीदार सांदणं आम्ही आंब्याच्या रसाशी खातो, हमीदभाईंच्या घरच्या बायका मटणाच्या रश्शाशी खातात. यावर आमचा गोड वाद चालला होता तोवर उजेड पिवळा झाला. बघता बघता समोरची इमारत दिसेनाशी झाली. खिडक्या शिट्ट्या घालू लागल्या.

"शमाल," हमीदभाईंची बायको जुबेदा म्हणाली आणि पीठ झाकायला धावली.

उत्तरेकडचा वारा तो. संध्याकाळपर्यंत आणि नंतरही तो थांबला नाही. फटींत ओले कपडे कोंबले तरी दाताखाली वाळू करकरत होती. सगळ्यात वाईट बातमी तेव्हा आली जेव्हा आसिफच्या कंपनीतून हमीदभाईंना फोन आला. जोडीचा स्टोअरकीपर आजारी पडला म्हणून आसिफ सकाळी फक्त किल्ल्या सोपवायला साइटवर गेला होता. आता रस्ता वाळूखाली गेला होता. त्याची पिकअप रुतली होती. तो आणि काही मजूर कंटेनरमध्ये सुखरूप होते, वायरलेसवर बोलत होते. रस्ता मोकळा करणारी माणसं आधी मोठे रस्ते घेणार. तिकडे पोचायला दोन दिवस तरी.

"पोरगा म्हणतो, सकाळी चालत येतो," हमीदभाई रिसीव्हर ठेवत म्हणाले. "मी सांगितला, नको. ह्या वाऱ्यात माणूस दिशा चुकतो. निकाह पुढे ढकलू."

"पुढे म्हणजे कधी?" आसिफची आई म्हणाली. "आम्ही शनिवारी जाणार. एकुलत्या एका पोराचा निकाह आम्ही नाय बघायचा?"

नसरीन मेंदी लावलेले हात समोर धरून दारात उभी होती. हातांवरची मेंदी सुकत चालली होती आणि तिच्यावर वाळूचा पातळ थर बसत होता. जुबेदाने हळूच फुंकर मारली.

मला ते बघवेना. मी मिलिंदकडे वळले. तो पुष्पाला इस्पितळातून घेऊन नुकताच आला होता. मी म्हणाले, "मिलिंद, तुझा नांगर वाळू काढील का रे?"

त्याने खिडकीबाहेरच्या वाळूकडे बघितलं. मग म्हणाला, "अंगरूपला विचारायला हवं."

अंगरूपने फोनवर एवढंच म्हटलं, "सर, मैं डिझेल भरके रखता हूँ."

अबू युसूफला विचारणं हमीदभाईंना अवघड वाटत होतं, म्हणून मिलिंदने फोन केला. पलीकडून अबू युसूफने सगळं विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "शनिवार को वैसे भी काटना है. ले जाओ. टूटा, तो टूटा. दूल्हा लाओ, इंशाल्ला."

दक्षिणेकडे

शुक्रवारी उजाडताना वारा पडला होता. झिंजच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. लोक केरसुण्या, चादरी, जे मिळेल ते घेऊन आपापल्या गाडीचा आकार शोधत होते. आमच्या शेजारचा एक माणूस बराच वेळ गाडी झाडत होता, आणि काच स्वच्छ झाल्यावर त्याला कळलं की ही आपली नव्हे.

नारिंगी ट्रक गल्लीत आला तेव्हा झाडणं थांबलं. अंगरूपने दाढी केली होती, केस चापून बसवले होते. शेजारी हमीदभाई बसणार होते. मिलिंद पिकअपमध्ये पाणी, फळ्या, फावडी घेऊन मागे. पिकअप खच्चून भरली होती. तेवढ्यात जुबेदा शेरवानीची पिशवी घेऊन धावत आली. आसिफने तिकडेच कपडे घालावेत, म्हणजे आल्या आल्या निकाहला बसता येईल. पण ही नाजूक, मोत्यांचं काम केलेली शेरवानी त्या धुळीत धरणार कोण?

"मी धरते," मी म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत केबिनची शिडी चढू लागले. बर्फाच्या ट्रकवर चढायला ज्यांनी शिडी केली त्यांनी साडीचा विचार केलेला नव्हता. हमीदभाईंनी वरून हात दिला. "या बाय, या," ते म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच ते हसले.

अवाली नावाची वसाहत ओलांडल्यावर घरं संपली. दोन्ही बाजूंना तपकिरी सपाटी, मधून मधून तेलाच्या नळ्या, आणि आकाश धुतल्यासारखं निळं. ट्रकचा हीटर बंद होत नव्हता. थंड देशातली गाडी, तिला माणसाला ऊब देणं एवढंच ठाऊक. आम्ही तिघंही घामाने निथळत होतो. अंगरूपला ते आवडत होतं. "बिलकुल घर जैसा," तो म्हणाला.

मग रस्ता उजवीकडे वळला आणि नाहीसा झाला.

पुढे नुसती वाळू होती, वाऱ्याने नक्षी काढलेली, कमरेएवढ्या उंचवट्यांची. डांबर कुठे, वाळवंट कुठे, काही कळेना. अंगरूपने पातं खाली सोडलं. धाडकन आवाज झाला. त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि सरळ उंचवट्यात घुसवली.

वाळूची लाट पात्यावरून चढली आणि समोरच्या काचेवर कोसळली. केबिनमध्ये अंधार झाला. ट्रक गुरगुरला, थरथरला आणि थांबला. वायपर लावायला म्हणून अंगरूपने डॅशबोर्डवरचं एक बटन दाबलं. सगळ्या बटनांवर डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं. वायपर काही हलले नाहीत. मागून मात्र खडखड सुरू झालं आणि पाठोपाठ मिलिंदचा हॉर्न, लांबलचक.

आम्ही उतरून मागे गेलो. मिठाच्या पेटीत युरोपातलं थोडं जाडं मीठ उरलं होतं. तबकडीने ते सगळं मिलिंदच्या पिकअपवर, काचेवर आणि उघड्या खिडकीतून मिलिंदवर उधळलं होतं. तो केसांतले खडे झटकत उभा होता. क्षणभर मला वाटलं, आता हा चिडणार. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला.

हमीदभाई रस्त्याच्या मधोमध वाळूत बसले आणि पोट धरून हसले. लग्नघरातला कालपासूनचा सगळा ताण त्या हसण्यात निघून गेला. आम्ही सगळेच हसलो.

मग काम सुरू झालं. अंगरूप वाळू हातात घेऊन बोटांतून गाळत म्हणाला, "बर्फ को धक्का दो, तो उड जाती है. ये उडती नहीं, वापस बैठ जाती है." मी म्हणाले, आमच्याकडे चिखल काढताना ढिगाच्या मध्यात कुणी फावडं घालत नाही, कडेकडेने कापत आत जातात. मिलिंदने बोट ओलं करून वारा बघितला. उत्तरेकडचा वारा पुन्हा उठला तर उजवीकडे टाकलेली वाळू परत रस्त्यावर येईल, म्हणून सगळी डावीकडेच ढकलायची. तिघांचं मिळून असं ठरलं, की पातं तिरकं करायचं, एक वीतभर उचलायचं आणि थरावर थर सोलत जायचं.

आणि तो नांगर चालू लागला. पहिला थर पात्यावरून पाण्यासारखा वळून डावीकडे पडला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, दुसरा थर. तिसऱ्या वेळी खालून काळंभोर डांबर दिसलं तेव्हा माझ्या तोंडून "दिसलं" असं निघालं. रुतलं तिथे आम्ही फळ्या टाकल्या, फावडी मारली. मीही मारलं, शेरवानी आधी सीटवर नीट ठेवून. वर्गात फळा पुसण्यापलीकडे हात चालवून किती वर्षं झाली होती. पण महाडची मुलगी फावडं विसरत नाही.

पुढे एक मोठी अडचण होती. एका ठिकाणी वाळू इतकी सपाट पसरली होती की रस्ता कुठे वळतो ते कळेना, आणि डावीकडे खड्डा होता. अंगरूपने ट्रक थांबवला. तेवढ्यात हमीदभाईंनी बोट केलं. दूर एक रिकामं पिंप उभं होतं, त्यात खोचलेल्या काठीवर लाल फडकं. त्यापुढे दुसरं. त्यापुढे आणखी. पिंपांची एक रांग रस्त्याच्या कडेने वळत गेली होती.

"हमारे यहाँ भी ऐसेच डंडे गाडते हैं," अंगरूप हळू आवाजात म्हणाला. "बर्फ पडायच्या आधी. ये किसने किया?"

हे आसिफने केलं होतं. शेवटच्या पिंपाशी तो स्वतः उभा होता. उंच, किडकिडीत पोरगा, भुवयांपासून दाढीपर्यंत वाळूने पांढरा. चालत यायला हमीदभाईंनी मना केलं होतं, म्हणून त्याने मजुरांना घेऊन सकाळपासून पिंपं गडगडवत आणली होती, जितकी जमतील तितकी. कुणीतरी येईल, आणि येणाऱ्याला रस्ता दिसला पाहिजे, एवढाच त्याचा विचार.

ट्रक थांबला. आसिफने पातं बघितलं, दिवा बघितला, खिडकीत मला बघितलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"तुझी वरात," हमीदभाई म्हणाले आणि खाली उतरून त्यांनी जावयाला मिठी मारली. दोघांच्या मधून वाळूचा ढग उठला.

कंटेनरमध्ये मजुरांनी चहा केला. मेहबूब नावाच्या बंगाली मजुराने पाण्याच्या शेवटच्या कॅनमधून नवरदेवाला अंघोळ घालायचा आग्रह धरला. आम्ही आणलेलं पाणी त्यांच्या हवाली केल्यावरच मी ती घालू दिली. कंटेनरच्या आडोशाला आसिफ न्हाला, आणि मोत्यांची शेरवानी घालून त्या उजाड जागेत बाहेर आला तेव्हा मजुरांनी पत्र्यावर ताल धरला. मजुरांना पिकअपमध्ये बसवून मिलिंद मागून निघाला. आमचा नांगर पातं उचलून, पिवळा दिवा फिरवत उत्तरेकडे निघाला. मोकळ्या केलेल्या रस्त्यावर काही अंतरावर आम्हाला दोन गाड्या भेटल्या, कुठल्याशा मळ्यावर जाणाऱ्या आणि कालपासून अवालीत अडकलेल्या. त्यांतल्या बहारिनी कुटुंबाने आम्हाला बघितलं, रस्ता बघितला आणि खिडक्यांतून हात काढून टाळ्या वाजवल्या. अंगरूपने डोळ्यांवरून बाही फिरवली. हीटरमुळे असेल.

पुन्हा झिंज

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली आणि निकाह वेळेवर लागला. काझींनी विचारलं तेव्हा आसिफच्या घशात वाळूच अडकली. तो खोकला, पुन्हा खोकला, आणि कुणीतरी पाणी देईपर्यंत सगळे श्वास धरून बसले. "कुबूल है" एकदाचं आलं तेव्हा त्याच्या आईने मोठा श्वास सोडला. मला आतल्या खोलीत बायकांमध्ये बसवलं होतं. नसरीनचे मेंदीचे हात माझ्या हातांत होते. रंग गडद चढला होता.

जेवणं झाली. सांदणं मी रश्शाशी खाल्ली आणि जुबेदाला म्हणाले, तुझं बरोबर. अबू युसूफ खास आला होता, सगळ्या घराला पुरेल एवढं मचबूस, म्हणजे तिथला मसाल्याचा मटणभात, घेऊन. जेवल्यावर तो खाली गेला आणि ट्रकपाशी उभा राहिला. नवरानवरीसाठी सजवलेली गाडी वाळू पिऊन बसली होती, सुरू होऊन लगेच बंद पडत होती. म्हणून मुलींनी तिच्यावरचे मोगऱ्याचे हार आणि रिबिनी काढून नांगराच्या पात्याला बांधल्या होत्या, टोकाच्या काठ्यांपर्यंत. अबू युसूफने एक हार सरळ केला.

"मिलिंद," तो म्हणाला.

"जी."

"लोहा नहीं काटना. हर साल ठंडी में मेरा माँ बर में, रेगिस्तान में, तंबू लगाती है. हर साल रस्ता बंद होता. ये गाडी मेरा घर का गाडी." मग थांबून, आजूबाजूच्या सगळ्या यार्डवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मेरा फोरमन देख के गाडी लेता है."

मिलिंदने मान डोलावली. पुष्पा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात जोरात दाबला.

आसिफने माहूजला भाड्याने घर घेतलं होतं, नवरी तिकडे जायची होती. दुसरी गाडी आणायला कुणीतरी निघालं. नसरीन जिन्यावरून खाली आली, तिने फुलांनी मढलेलं पातं बघितलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर स्पष्ट बोलली.

"अब्बा, मी ह्याच्यातच जाणार."

हमीदभाईंनी तिला शिडीवर चढवलं. तिची ओढणी शिडीत अडकू नये म्हणून आवरून दिली. मग ते अंगरूपला म्हणाले, "हळू चालव रे भाऊ." नसरीन आणि आसिफ अंगरूपच्या शेजारी बसले. आम्ही मागून मिलिंदच्या गाडीत. प्रज्ञा खिडकीबाहेर डोकं काढून ओरडत होती, आणि पहिल्यांदाच मराठीत, "मावशी, बघ, बघ."

मोठ्या चौकात पोलिसाने हात केला. नांगर थांबला. पोलीस पुढे येऊन पात्याभोवती एक फेरी मारून आला, मोगऱ्याचा वास घेतला आणि वर बघून विचारलं, "शिनू हादा?" म्हणजे, हे काय आहे?

अंगरूपला अरबी फार येत नव्हतं. त्याने काच खाली केली, शेजारच्या लाल ओढणीकडे बोट दाखवलं आणि येत होता तेवढा एकच शब्द सांगितला, "अरूस."

नवरी.

पोलिसाने टोपी नीट केली. मग चौकाच्या मध्ये जाऊन त्याने चारही बाजूंची वाहतूक थांबवली आणि हात लांब करून आम्हाला रस्ता दिला.